विंगेतली झोप

मी आयुष्यात एकदाच रंगमंचावर तोंड उघडलं. शिपायाचं काम होतं. "साहेब, गाडी आली" एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणालोही, पण ते पहिल्या रांगेपर्यंत गेलं नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या साहेबांनाही ऐकू आलं नाही. ते बिचारे गाडीची वाट बघत येरझाऱ्या घालत राहिले. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तुझा आवाज विंगेतला आहे." मला वाटलं कौतुक करतोय. दुसऱ्या दिवसापासून मी विंगेत प्रॉम्प्टर म्हणून जो बसलो तो आजतागायत उठलेलो नाही.

पोटासाठी दिवसा एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि मुलं आम्लाशी खेळत नाहीत ना ते बघायचं. दिवसा तो प्रयोग, संध्याकाळी हा प्रयोग, आणि दोन्हीकडे काही फुटलं की खापर माझ्याच डोक्यावर. बायको पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणते, "लोक बोलून नाव कमावतात, आमच्या ह्यांनी कुजबुजून कमावलं." कंपनीत तर माझं खरं नाव कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. सगळे मला कुजबुजे म्हणतात. एका जाहिरातीत 'साहाय्य : श्री. कुजबुजे' असं छापूनही आलं होतं. बायकोनं ते कात्रण कपाटाला आतून चिकटवलंय, बाहेरून लावायला मात्र ती तयार नाही.

आमचे मुख्य नट म्हणजे सरकार. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा नाटकात संस्थानिकाचं काम केलं होतं. नाटक आठवड्यात झोपलं, पण नाव कायमचं चिकटलं. आणि ते त्यांना शोभतंही. साधा चहाचा कप ते असा मागतात की देणाऱ्यानं वाकूनच द्यावा. त्यांच्या प्रत्येक नाटकाला उजव्या विंगेत मी असतो. लोकांना वाटतं, प्रॉम्प्टिंग म्हणजे वाक्य वाचून दाखवणं. तसं नसतं. समोरचं पात्र बोलत असतानाच त्याच्या आवाजाखालून आपला आवाज सरकवायचा असतो. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि प्रेक्षकाला नाही. सरकारांची आणि माझी खूण ठरलेली होती. त्यांनी चष्म्याची दांडी चाचपली की मी वाक्याचे पहिले दोन शब्द टाकायचे, पुढचं ते उचलणार.

पूर्वी एका प्रयोगात एखाद्या वेळी तो हात चष्म्याकडे जाई. मग हळूहळू तो तिथेच मुक्काम करायला लागला. दोन शब्दांनी भागेना. आधी अर्धं वाक्य, मग पूर्ण, मग एकामागून एक सगळीच. प्रेक्षकांना पत्ता नव्हता, कारण मी दिलेलं वाक्य सरकार असं म्हणत की ते त्यांच्या पोटातूनच आलंय असं वाटे. पण आमचा व्यवस्थापक कच्च्या गुरूचा चेला नाही. त्यानं नाटकातल्या तरुण वकिलाचं काम करणाऱ्या नटाकडून सरकारांचीही वाक्यं गुपचूप पाठ करून घेतली. तेवढ्यात परदेशचा दौरा ठरला. व्यवस्थापकानं मला कोपऱ्यात गाठून बजावलं, "पहिल्याच प्रयोगात गडबड दिसली, तर पुढचे सगळे प्रयोग तो करेल. सरकार प्रेक्षकांत बसतील. त्यांना सांभाळून घे, नाहीतर मला दोष देऊ नकोस."

हे मी सरकारांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. निघायच्या आदल्या आठवड्यात ते माझ्या घरी आले, चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग रिकामा कप हातात फिरवत बसले. मी विचारलं, "काही काम होतं का, सरकार?"

"होतं रे," ते म्हणाले. "तेच आठवतोय."

मग दोघंही हसलो. जाताना दारात चपला घालता घालता त्यांना आठवलं. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "एवढा दौरा होऊ दे. घरात कुणी नाही माझ्या. नाटक गेलं तर भिंतींशी बोलू का? त्या वाक्यसुद्धा देत नाहीत."

मी शब्द दिला. वर छातीठोकपणे असंही म्हणालो, "तुम्ही काळजीच करू नका. मी आहे ना."

त्या दिवसांत मी सगळ्याच बाबतीत छातीठोक होतो. कंपनीत जेट लॅगची फार चर्चा चालली होती. कुणी म्हणे पाणी प्या, कुणी म्हणे उपाशी राहा. आमच्या नाटकात सरकारांच्या मुलीचं काम करणाऱ्या ताई अशी सफर आधी करून आल्या होत्या, त्या एकदा आमच्या घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, तिथे पोहोचल्यावर पहिले काही दिवस आपण आपले नसतो." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "ताई, हजारो प्रयोग जागलोय. मध्यंतरात सगळे भजी खात असताना मी पुढच्या अंकाची पानं लावत असतो. झोप माझ्या मुठीत आहे." बायको आतून म्हणाली, "रविवारी जेवल्यावर मूठ उघडते वाटतं."

तिकडे उतरलो तेव्हा माझं शरीर कुठल्या तरी तिसऱ्याच देशात होतं. तपासणीच्या खिडकीमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "काय काम करता?" आता घसा कोरडा, डोकं जड, आणि सवय जन्माची. मी कुजबुजलो. तो पुढे झुकला. मी अजून कुजबुजलो. तो जितका मोठ्यानं विचारी तितका मी हळू बोले. शेवटी मोडक्यातोडक्या भाषेत आणि हातवाऱ्यांनी समजावलं, की मी पडद्याआड लपून बसतो आणि दुसऱ्यांनी काय बोलायचं ते त्यांना सांगतो. हे ऐकून तो जागेवरून उठला आणि त्यानं आणखी एकाला बोलावलं. दोघांनी मिळून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला स्वतःचाच संशय यायला लागला. ताईंनी येऊन सगळं नीट सांगितलं नसतं, तर मी आजही तिथल्याच बाकावर असतो.

सरकार, ताई आणि मी एका यजमानांकडे उतरलो होतो. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, अतिशय भले. घरभर पायात रुतणारा गालिचा, प्रत्येक खोलीला आपोआप तापणारी भिंत, आणि स्वयंपाकघरात सतरा बटणांची शेगडी. यजमानीणबाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली, "काका, दिवसा अजिबात झोपायचं नाही. उन्हात बसा. दोन-तीन दिवसांत घड्याळ जुळतं." मी मान डोलावली. त्यांना तो होकार वाटला, प्रत्यक्षात ती डुलकी होती.

झोप माझ्या मुठीत होती म्हणे! ती कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. सगळे अंथरुणाला पाठ टेकत तेव्हा माझे डोळे टक्क उघडे. सगळे कामाला लागले की माझी मान लटकलेली. पोटाचंही तेच. जेवायला बसलो की भूक नाही, आणि भांडी विसळून झाली की कडकडून भूक. एकदा यजमान मला त्यांच्या नोकरीतली एक अडचण अगदी मनापासून सांगत होते. मी ऐकता ऐकता त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलो. त्यांना वाटलं, मला त्यांचं दुःख सहन झालं नाही. ते बराच वेळ माझी पाठ थोपटत बसले.

बायकोचा फोन आला. म्हणाली, "झोपताय की नाही?"

"झोपतोय की," मी म्हटलं. "फक्त मला विचारून नाही."

या सगळ्यात मला एक गोष्ट मात्र सोयीची वाटत होती, ती म्हणजे सरकारही माझ्यासारखेच भंजाळलेले होते. त्यांनी दोनदा चहात साखर घातली, तर जेट लॅग. त्यांनी ताईंना कुठल्याशा भलत्याच नटीच्या नावानं हाक मारली, तर जेट लॅग. सगळे हसत, सरकारही हसत. मला मनातून बरं वाटे. आपण जे झाकतोय त्यावर आयतंच पांघरूण मिळालं, असं मला वाटायचं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. यजमान मंडळी कामावर, ताई सभागृहाकडे गेलेल्या. यजमानीणबाईंची सूचना आठवून मी म्हटलं, "सरकार, मागच्या पायरीवर उन्हात बसून दुसरा अंक म्हणून टाकू." मी बनियन आणि लुंगीवर, ते घरच्या सदऱ्यावर. बाहेर पाऊल टाकलं आणि पाठीमागे दार खट्ट झालं. तिथली दारं स्वतःहून बंद होतात आणि आतून सांगितल्याशिवाय उघडत नाहीत. किल्ली आत, फोन आत, माझा सदराही आत. ऊन म्हणाल तर दिसायला होतं, अंगाला लागायला नव्हतं.

मी दार ढकललं, खिडकी ढकलली, शेवटी दाराला हात जोडले. सरकार शांतपणे म्हणाले, "नाहीतरी तालीमच करायची होती ना?" आणि त्यांनी सुरुवात केली. आमचं नाटक एका निवृत्त न्यायाधीशाचं. दुसऱ्या अंकात तो जावयावर कडाडतो. जावयाचं काम करणारा नट तिथे नसल्यामुळे ते माझ्यावर कडाडले. "या घरातून चालता हो! माझ्या मुलीच्या अंगाला हात लावायची तुझी छाती झाली कशी?" मी थंडीनं कुडकुडत, हात छातीशी घेऊन, पुढचं वाक्य देत होतो. कुंपणापलीकडे शेजारीणबाई बाहेर आल्या. एक देखणे वृद्ध गृहस्थ थरथरत्या बोटानं दटावताहेत आणि एक अर्धा उघडा माणूस खाली मान घालून पुटपुटतोय, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्या आत गेल्या आणि एक ब्लँकेट घेऊन आल्या. ते त्यांनी सरकारांच्या खांद्यावर घातलं. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. बघायला गेलं तर न्यायाधीशाचा अभिनय फारच उतरला होता.

त्यांनीच यजमानीणबाईंना फोन लावला. त्या येईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून अंगात ऊब यावी यासाठी आम्ही गल्लीत एक फेरी मारली. घरं सगळी एकसारखी. तीच उतरती छपरं, तीच राखाडी दारं, दारापुढे तेवढंच गवत. परत येताना सरकार थबकले आणि म्हणाले, "आपलं घर कुठलं?"

"मलाही कळत नाही हो," मी हसत म्हटलं.

"तसं नाही रे," ते म्हणाले. पण पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला जांभई आली होती.

संध्याकाळी सभागृहात गेलो. शाळेचं होतं, पण आमच्या गावच्या थिएटरला लाजवील असं. मी विंगेत माझ्या बसण्याच्या जागेकडे गेलो आणि तिथेच माझा घात झाला. मला लागतं ते पाठ नसलेलं लाकडी स्टूल. त्यावर माणूस झोपला तर पडतो, म्हणून झोपत नाही. तिथे माझ्यासाठी ऑफिसातली गादीची, हातांची, फिरती खुर्ची ठेवली होती. शेजारी पायाशी गरम हवेची जाळी. मी स्टूल मागितलं. स्थानिक कार्यकर्ते म्हणाले, "काका, तुम्ही पाहुणे, तुम्हाला स्टुलावर बसवू का आम्ही?" प्रेमापुढे इलाज नसतो. मी बसलो. खुर्चीनं मला अलगद कुशीत घेतलं.

पहिला अंक झकास झाला. सरकारांचा हात चष्म्यावर, माझं वाक्य त्यांच्या कानात, त्यांचा आवाज शेवटच्या रांगेत. व्यवस्थापक समोरच्या विंगेत हाताची घडी घालून उभा होता, तोही सैलावला. मध्यंतरात मी डोळ्यांवर पाणी मारलं, काळी कॉफी घेतली, स्वतःला चिमटे काढले. दुसऱ्या अंकाची घंटा झाली, पडदा वर गेला. जावयावर कडाडण्याचा प्रसंग पार पडला. मग ताई सरकारांसमोर उभ्या राहून विचारतात, "बाबा, तुमचा निकाल काय?" आणि सरकारांनी म्हणायचं, "हे घर आहे मुली, कोर्ट नाही. इथे मी निकाल देणार नाही." सगळ्या नाटकाचा जीव त्या वाक्यात आहे. इथे सगळं थिएटर श्वास रोखून बसतं.

त्या आधीचं ताईंचं भाषण जरा लांबलचक आहे. पायाला गरम हवा लागत होती. मला भाषणाचा पहिला भाग आठवतो.

त्यानंतर मला एकदम सरकारांचा आवाज ऐकू आला, आणि काय आवाज होता! "होडी सोडू नका रे! माझं माणूस अजून पलीकडे आहे!" फार जुन्या नाटकातलं वाक्य. त्यात सरकार नावाडी व्हायचे. मला ते नाटक सगळ्यात आवडायचं, आणि त्यातलं हे वाक्य तर मी अंघोळ करतानाही म्हणतो. सरकार पुढे बोलत होते, पुराचं पाणी, फाटलेलं शीड, काठावर कंदील घेऊन उभी असलेली बायको. शब्दन् शब्द जागच्या जागी. मी मनात म्हटलं, वा, आज काय रंगलेत, एकदाही चष्म्याला हात नाही. मग माझी नजर मंचावर गेली. नदीत सोफा होता. सोफ्याशेजारी टेलिफोन आणि दिवाणखान्यातला उंच दिवा होता. कुठल्या गाढवानं नदीत सोफा ठेवला, म्हणून मला आधी नेपथ्यवाल्याचा राग आला.

मग मी जागा झालो. हातातली संहिता जमिनीवर, टॉर्च मांडीखाली. सरकारांनी चष्मा चाचपला असणार, विंगेतून वाक्य आलं असणार, आणि ते विंगेतल्या झोपलेल्या माणसाच्या स्वप्नातून आलं होतं. मी झोपेत प्रॉम्प्टिंग केलं होतं.

ताईंनी कमाल केली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्या म्हणाल्या, "बाबा, कुठली होडी? आपण घरात आहोत." मी लगेच खरं वाक्य टाकलं. "हे घर आहे मुली." सरकारांनी ते घेतलं नाही. पुन्हा टाकलं, जरा मोठ्यानं. ते माझ्याकडे वळले. त्या नजरेत त्यांना माझं वाक्य ऐकू आलंय हे दिसत होतं, आणि ते वाक्य इथे का आलं हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या पायाखाली होडी होती. घर, मुलगी, कोर्ट काहीच नव्हतं. समोरच्या विंगेत वकील पुढे सरकला होता आणि व्यवस्थापकाचा हात त्याच्या पाठीवर होता.

सगळ्या आयुष्यात मी कधी स्वतःचं वाक्य दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. संहितेत नव्हतं ते. "मुली, मला डोळा लागला होता," मी कुजबुजलो. "स्वप्नात मी पुन्हा नदीवर होतो."

सरकारांनी सोफ्याकडे पाहिलं. मग होडीतून उतरून दिवाणखान्यात आल्यासारखे हळूच सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "मुली, मला डोळा लागला होता. स्वप्नात मी पुन्हा नदीवर होतो." ताई त्यांच्या पायाशी बसल्या. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी मी दिलेलं वाक्य सरकारांनी घेतलं. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. प्रयोगानंतर यजमान डोळे पुसत म्हणाले, "ते स्वप्नाचं काय सुंदर घातलंय हो, लेखकाला सांगा माझ्यातर्फे." मी सांगतो म्हटलं.

मेकअप खोलीत व्यवस्थापकाला असलं काही सांगून भागणार नव्हतं. तो आत आला तो दार आपटूनच. "ती होडी कुठून आली?"

"माझ्याकडून," मी म्हटलं. "मला झोप लागली. झोपेत भलतंच बोललो. सरकारांनी बिचाऱ्यांनी सांभाळून घेतलं. जेट लॅग हो, दुसरं काय."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, म्हणून मला ते फार छान म्हणता आलं. सगळी खोली हसत सुटली. वकील म्हणाला, "कुजबुजेकाका, उद्या घोरताना तिसरा अंक द्या." दिवेवाला म्हणाला, "काकांना उशी द्या रे कुणीतरी." मीही हसलो, खांदे पाडले, दोन शिव्या स्वतःला घातल्या. जितका मी मूर्ख दिसेन तितके सरकार सुरक्षित, एवढं मला त्या अवस्थेतही कळत होतं. हे काम मला जमतंही चांगलं. सरकार आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होते. ते हसले नाहीत. एकदाच आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताईचं काम काय झालं रे आज. नावाड्याची बायको अशी कुणी केली नव्हती." त्यांचा आवाज हळू होता. बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी टॉवेल तोंडावर धरला आणि लोकांना वाटलं, याला परत झोप आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही यजमानांच्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो. सरकार, ताई आणि मी. व्यवस्थापक आला, खुर्ची ओढून बसला आणि त्यानं निर्णय सांगून टाकला. "कुजबुजे, मनाला लावून घेऊ नकोस. पण पुढच्या गावापासून तू विंगेत नकोस. सामान बघ, तिकिटांचं बघ. प्रॉम्प्टिंग वकील करेल, त्याचं स्वतःचं काम एका प्रवेशापुरतंच आहे. त्याला सगळं पाठ आहे आणि तो झोपत नाही."

वकील विंगेत बसला की एका अंकात त्याला सगळं कळणार होतं, आणि दुसऱ्या अंकाला तो विंगेत राहणार नव्हता. चूक माझी, कबुली माझी. मी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात सरकारांना ढकललं होतं.

"सरकार, तुम्हाला चालेल ना?" व्यवस्थापकानं विचारलं.

सरकारांचा हात चष्म्याच्या दांडीकडे गेला.

ते माझ्याकडे पाहत होते. मंचावर पाहतात तसंच. वाक्य हवं होतं त्यांना. मी कपाचा आडोसा केला आणि ओठ जेमतेम हलवत जे सुचलं ते दिलं. "जेट लॅग आहे, दोन दिवसांत उतरेल, एक संधी द्या त्याला." अगदी सोपं, कुणालाही पटेल असं वाक्य. मी दिलेलं काहीही ते म्हणतात, होडीसुद्धा म्हणाले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्यांनी ते घेतलं नाही. मी पुन्हा दिलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि व्यवस्थापकाकडे वळले. आवाज न्यायाधीशाचा नव्हता, नावाड्याचाही नव्हता. मी इतक्या वर्षांत तो फारसा ऐकलेला नव्हता. थोडा चिरका, अडखळणारा, साध्या म्हाताऱ्याचा.

"याला झोप लागली, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण यानं चुकीचं वाक्य दिलं आणि मला ते... मला ते चुकीचं वाटलंच नाही. तुला कळतंय का मी काय सांगतोय?"

ताईंनी सरकारांचा हात धरला.

"मला नाही आठवत आता," सरकार म्हणाले. "पुष्कळ दिवस झाले. हा एकटाच झाकतोय. तुझा तो पोरगा चांगला आहे, त्याला काम दे. हा दौरा संपला की दे. एवढा दौरा मला करू दे, आणि याला माझ्या विंगेतून हलवू नकोस. झोपला तर झोपू दे. मी उठवीन त्याला."